चेंडू चालला, कप चालला नाही : पालवणकर बाळू यांचे जीवन

संध्याकाळी पाचची घंटा होते आणि आपल्या वसतिगृहाची मुले मैदानाकडे धावत सुटतात. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी त्याच काळ्या मातीवर दगडांच्या यष्ट्या रचून खेळ केला आहे. सात वाजता वंदना आणि त्यानंतर जेवणाची पंगत. मैदानात एकमेकांशी भांडलेली मुले पंगतीत मात्र मांडीला मांडी लावून बसतात आणि एकाच पिंपातले पाणी पितात. आपल्याला हे इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटेनासे झाले आहे. ते किती विशेष आहे हे ज्यांच्या जीवनाने कळते, त्या पालवणकर बाळू यांची ओळख नव्या पिढीला करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आपल्या स्मरणिकांत तथागत, क्रांतिबा फुले, सावित्रीमाई, राजर्षी शाहू आणि बाबासाहेब यांची चरित्रे येतात आणि ती यायलाच हवीत. बाळूंचे नाव मात्र आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. त्याला कारण आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. इतिहासाच्या तासाला आम्ही त्यांची गोष्ट सांगतो, तेव्हा वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : मग हा माणूस आपला की परका? या प्रश्नाला बगल देणे शिक्षकाला शोभत नाही. पण उत्तराआधी संपूर्ण जीवन पाहिले पाहिजे.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण आणि त्यावरूनच पालवणकर हे नाव आले. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित असल्याने कुटुंब पुण्यात आले. त्या काळी लष्कराची छावणी ही आपल्या समाजासाठी गावगाड्याबाहेरची एक खिडकी होती. रामजी सुभेदारांच्या घरात त्या खिडकीतून अक्षरे आली, तर पालवणकरांच्या घरात चेंडू आला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्याने बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊ पुढे मोठे क्रिकेटपटू झाले.

पोटासाठी बाळूंनी प्रथम पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात नोकरी धरली. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तेथे जाळ्या बांधायच्या, खेळपट्टीवर रेघा आखायच्या, टेनिसची मैदाने तयार करायची, अशी त्यांची कामे होती. साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे आणि ते काम या मुलाकडे आले. कॅप्टन बार्टन नावाच्या डावखुऱ्या अधिकाऱ्याची संथ, सहज गोलंदाजी पाहून बाळूंनी आपली शैली घडवली. त्यांना कोणी गुरू म्हणून शिकवले नाही. पाहणे आणि तासन्तास टाकत राहणे हीच त्यांची शाळा होती.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज होता. इंग्लंडमध्ये तो हॅम्पशायर परगण्याकडून खेळे. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर एकट्याने सराव करी आणि बाद झाला की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे पगाराचा आठवा हिस्सा! डावखुरी फिरकी, चेंडूला दिलेली उंची आणि नकळत बदललेला वेग यांवर बाळूंनी या हजारो चेंडूंतून प्रभुत्व मिळवले. परंतु इतकी वर्षे चेंडू टाकूनही पूना क्लबात त्यांच्या हाती कोणी एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा मान होता. घाम गाळून चेंडू टाकणे हे चाकराचे काम मानले जाई. श्रम कोणी करावेत आणि शोभा कोणी मिरवावी, याची जी वाटणी गावात होती तीच खेळातही उतरली होती.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांशी सामने खेळायचे होते. शहरातला सर्वोत्तम गोलंदाज कोण, हे सर्वांना ठाऊक होते. अडचण जातीची होती. संघातील काही तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे म्हणत होते, तर ब्राह्मण सभासद कां-कूं करत होते. अशा वेळी बाळूंना वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेगने उघडपणे मांडल्याचे सांगतात. अखेर बाळू संघात आले. धर्माने जे दार बंद ठेवले होते ते जिंकण्याच्या इच्छेने किलकिले केले.

ते किती किलकिले होते, हे चहाच्या वेळी कळे. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळे झेलत आणि पुन्हा त्यांच्या हाती देत, तेव्हा विटाळ होत नसे. खेळ थांबला की मात्र बाकीच्यांना मंडपात चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, एकदा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. हात धुवायचे तर अस्पृश्य नोकर बाहेर येऊन वरून पाणी ओतणार. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. ज्या बोटांनी संघाला सामना जिंकून दिला, त्या बोटांचा स्पर्श कपाला चालत नव्हता. चामड्याचा चेंडू चाले, त्या चामड्याचे काम करणाऱ्या समाजाचा माणूस चालत नसे. अस्पृश्यता हा स्वच्छतेचा किंवा श्रद्धेचा प्रश्न नसून सोयीचा आणि सत्तेचा प्रश्न होता, हे समजावून सांगण्यास आम्हाला याहून स्पष्ट उदाहरण सापडलेले नाही.

मग साताऱ्याचा सामना झाला. तेथील युरोपियन जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. सातारकरांनी त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढली. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. बाळूंबरोबर खेळता तर त्यांच्याबरोबर खाल्ले-प्यायलेही पाहिजे, असे रानड्यांनी संघातील मंडळींना सुनावले होते. पुढे एका सभेत लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्याच सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्या मुलाला वर्गात बसायला घरून गोणपाट आणावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याला पाणी मिळत नसे. ज्या गावाने एका अस्पृश्य गोलंदाजाला हत्तीवर बसवले, त्याच गावात, जवळपास त्याच काळात, एक अस्पृश्य बालक तहानलेला राहत होता. हत्ती एका माणसासाठी, एका दिवसापुरता आला होता. नळाचा नियम मात्र सगळ्यांसाठी होता आणि रोजचा होता. गौरव आणि हक्क यांतले हे अंतर पुढे बाळू आणि बाबासाहेब यांच्या वाटा वेगळ्या होण्याच्या मुळाशी आहे, असे आमचे मत आहे.

शतकाच्या अखेरीस पालवणकर कुटुंब मुंबईत आले. बाळूंनी काही काळ लष्करात आणि नंतर बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली आणि त्यांच्या संघांकडून ते खेळले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही गुजराती सभासदांचा विरोध होता. कर्णधार कीर्तिकर यांनी तो मोडून काढला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात गाजलेला सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात प्रतिपक्षाला १०२ धावांत रोखण्यात बाळूंचा मोठा वाटा होता. संघात शिवरामही होते.

या विजयानंतर इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी पत्राने एक मार्मिक गोष्ट टिपली. पुण्यात या बंधूंना खेळू दिले पण वेगळा चहा दिला, मुंबईत मात्र जिमखान्याच्या उपाहारगृहात त्यांना सोबत बसवले, आणि ही जातिबंधनातून सुटकेच्या दिशेने पडलेली पावले आहेत, असा त्या लेखनाचा आशय होता. पुण्यातील मातीच्या भांड्यापासून मुंबईतील टेबलापर्यंतचे अंतर चालायला बाळूंना दहाहून अधिक वर्षे आणि कितीतरी बळी लागले. बाकीच्यांना ते टेबल जन्माने मिळाले होते.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. याआधी पारशांचे संघ तेथे जाऊन आले होते, पण निरनिराळ्या धर्मांचे भारतीय खेळाडू एकत्र घेऊन गेलेला हा पहिला संघ. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते. संघाने २३ सामने खेळले आणि त्यांपैकी १५ गमावले. या पडझडीत बाळूंनी एकूण ११४ गडी बाद केले. त्यांतील ७५ गडी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी टिपले. प्रथम श्रेणीतील दोनच विजय मिळाले, लीसेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्यावर. सॉमरसेटविरुद्धचा विजय अवघ्या एका गड्याने मिळाला आणि तो शिवरामच्या नाबाद शतकाने खेचून आणला. राजाच्या नावाने गेलेल्या संघाची लाज दोन चर्मकार भावांनी राखली.

संघ परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यांना दिलेल्या मानपत्रामागे भीमराव आंबेडकर या तरुणाचा हात होता, असे अभ्यासक सांगतात. बाबासाहेब त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी होते. आपल्यातील एक माणूस गोऱ्यांच्या देशात जाऊन त्यांच्याच खेळात त्यांना भारी पडतो, हे त्या पिढीने प्रथमच पाहिले होते. बाळू त्या तरुणाचे आणि त्याच्या समाजाचे पहिले नायक होते, हे आपण विसरता कामा नये.

मुंबईची स्पर्धा १९०७ पासून तिरंगी आणि १९१२ पासून, मुसलमानांचा संघ आल्यावर, चौरंगी झाली. हिंदू संघाचा सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू हेच होते. तरीही कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१३ साली हे पद भूषवणारे एम. डी. पै यांनी आपल्या सत्कारसभेतच, हा मान ज्येष्ठ आणि अधिक अनुभवी बाळूंचा होता, असे मोकळ्या मनाने सांगितले. सवर्ण समाजातही सत्य बोलणारी माणसे होती, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने घेतलीच पाहिजे. पण एका सज्जनाच्या कबुलीने व्यवस्था बदलत नाही.

१९२० साली बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी पुन्हा जात पाहिली जात आहे असे स्पष्ट झाले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर तडजोड झाली. बाळूंना परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि अंतिम सामन्यात पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कारकिर्दीच्या अगदी शेवटी, काही तासांचे नेतृत्व! थोरल्याला नाकारलेले धाकट्याला मात्र मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, युरोपियनांना हरवून त्यांनी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

बाळूंची प्रथम श्रेणीची कारकीर्द आकड्यांत सांगायची तर ३३ सामने आणि १७९ बळी, प्रत्येक बळीमागे सरासरी १५.२१ धावा. भारत पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. बाळू तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या स्पर्धेत जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी खेळाडूने १९४७ साली वर्णभेदाची भिंत ओलांडली आणि आज ते जगाला ठाऊक आहेत. बाळूंनी आपली भिंत त्याच्या अर्धशतक आधी ओलांडली होती. त्यांचे नाव मात्र त्यांच्याच राज्यातील मुलांना सांगावे लागते.

आता त्या प्रश्नाकडे वळू. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते आणि मद्रासच्या एम. सी. राजा यांच्यासह वाटाघाटींत सामील होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तो मार्ग बाळूंना पटला नाही. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांविरुद्ध लोकप्रिय बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाबासाहेब विजयी झाले.

बाळू असे का वागले असावेत? आम्हाला वाटते की त्यांच्या जीवनानेच त्यांना तसे शिकवले. त्यांनी दारे उघडताना पाहिली होती. रानड्यांनी हार घातला, कीर्तिकरांनी विरोध मोडला, पैंनी सत्य सांगितले, शेवटी धाकटा भाऊ कर्णधार झाला. गुण दाखवत राहिले, धीर धरला, तर समाज हळूहळू बदलतो, हा त्यांचा स्वानुभव होता. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. दर डावात पाच गडी बाद करणाऱ्यालाच माणूस म्हणून टेबलावर जागा मिळणार असेल, तर ज्याला चेंडू टाकता येत नाही त्याने काय करावे? खेड्यातल्या पाणवठ्यावर उभ्या असलेल्या बाईने कोणता पराक्रम दाखवावा? बाबासाहेबांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तर म्हणून १९२७ साली महाडचे तळे दाखवले. पाणी हे बक्षीस नाही, तो हक्क आहे. या मूलभूत प्रश्नावर बाबासाहेब बरोबर होते आणि बाळू चुकले, हे आम्ही कोणतीही आडकाठी न ठेवता म्हणतो.

परंतु एका चुकीच्या राजकीय निर्णयापोटी आपण वर्षानुवर्षांचा अपमान गिळून ताठ मानेने खेळलेला माणूस विसरावा काय? ते आम्हाला मान्य नाही. बाळूंनी त्या मातीच्या भांड्यातला चहा प्याला आणि मैदानावर जाऊन पुन्हा गडी बाद केले. अस्पृश्य हा जन्मतःच हीन असतो, या शास्त्रीपंडितांच्या दाव्याला त्यांनी हजारो लोकांसमोर, डाव्या हाताने, निरुत्तर केले. सत्काराच्या मंडपात बसलेल्या तरुण भीमरावांनी ते पाहिले होते. मतभेद असलेल्या माणसाचे ऋणही मान्य करणे हा बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या शिकवणीतला विवेक आहे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. आपल्या जिल्ह्याच्या अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी त्या दिवसानंतर देव्हारे उतरवले, मुलांना शाळेत घातले आणि पुढे त्यातूनच आपल्यासारखी निवासी शाळा उभी राहिली.

म्हणून वर्गातल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. बाळू आपले आहेत. त्यांनी मैदान मिळवून दिले, पंगत बाबासाहेबांनी मिळवून दिली. आपल्या मुलाला दोन्ही हवे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी मुलांच्या हाती चेंडू द्यावा, बॅटही द्यावी, आणि खेळ संपल्यावर ती पाणी कोठे आणि कोणाबरोबर पितात, याकडेही लक्ष ठेवावे. पालकांनी सुटीला घरी आलेल्या मुलाला बाळूंची ही गोष्ट अवश्य सांगावी. या संध्याकाळीही पाचची घंटा होईल, मुले मैदानात जातील, आणि सात वाजता एकाच पिंपातले पाणी पितील. त्या पाण्यात बाळूंचा घाम आहे आणि महाडचे तळेही आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.